आकाशावर एक डोळा

मातीत दाणे टिपणारी कोंबडी मधेच थांबते, मान तिरकी करते आणि एकच डोळा वर लावून काही क्षण निश्चल उभी राहते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे वर पाहायचे तर तिला असेच पाहावे लागते, आणि अशा वेळी ती बहुधा डावा डोळा वापरते, असे पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले आहे. तिच्या नजरेच्या रोखाने आपण पाहिले तर पुष्कळदा काहीच दिसत नाही. नीट न्याहाळल्यावर खूप उंचावर एक काळा ठिपका गोल फिरताना दिसतो. परसात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाने आधी ही तिरकी मान ओळखायला शिकावे, असे मला मनापासून वाटते. शिकारी पक्ष्यांपासून स्वतःला वाचवण्याची बरीचशी विद्या कोंबडीच्या अंगी उपजतच असते, आणि ती वापरता येईल अशी जागा तिला देणे हे पाळणाऱ्याचे पहिले काम आहे.

पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे दक्षिण आणि आग्नेय आशियातील लाल रानकोंबडा. हा पक्षी बांबूच्या बेटांत, झुडपांच्या गचपणात आणि जंगलाच्या कडेकडेने चरतो. उघड्यावर येतो तो थोडाच वेळ, आणि तेही धावत जाऊन पुन्हा आत शिरता येईल एवढ्याच अंतरावर. माणसाच्या सोबतीने हजारो वर्षे काढताना कोंबडीचे वजन वाढले, अंडी वाढली, उडण्याची ताकद घटली, काही जातींत रंग पांढराशुभ्र झाला, तर काहींच्या डोक्यावर असा दाट तुरा आला की वरचे काही दिसूच नये. भीती मात्र रानातल्यासारखीच शाबूत राहिली. अशा पक्ष्याला आपण स्वच्छ झाडलेल्या, सपाट, मोकळ्या जागेत सोडतो, जिथे एकही झुडूप नाही आणि खुराड्याचे दार दूरच्या कोपऱ्यात आहे. तिने धोका वेळीच ओळखला तरी पळायचे कुठे, याचे उत्तर त्या जागेत नसते.

म्हणून जाळी, चकाकत्या पट्ट्या किंवा बुजगावणे यांचा विचार करण्याआधी मी कोणालाही आडोशाविषयी विचारते. परसात कुठेही उभ्या असलेल्या कोंबडीला पाच-सहा मीटरांच्या आत डोके लपवायला जागा आहे का? ती जागा फार सुबक असण्याची गरज नाही. खाली पोकळ आणि वर दाट असे ठेंगणे झुडूप उत्तम, कारण त्याच्या फांद्यांतून कोंबडी सहज आत शिरते आणि पंख पसरलेल्या पक्ष्याला तिथे झेप घेता येत नाही. झुडपे वाढेपर्यंत चार विटांवर टेकवलेली जुनी फळी, उलटे ठेवलेले लाकडी खोके, दोन पत्रे एकमेकांना टेकवून केलेला तंबू, किंवा नुसते एखादे जुने टेबलही चालते. दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येईल असा आडोसा अधिक चांगला, कारण एकाच तोंडाच्या खोक्यात घाबरलेल्या कोंबड्या एकमेकींवर चढतात आणि एखाद्या चपळ शिकारी पक्ष्याने पाठोपाठ आत शिरण्याचे धाडस केले तर त्यांना सुटका उरत नाही. आडोसे विखुरलेले असावेत. एका कोपऱ्यात दहा झुडपे असण्यापेक्षा दहा ठिकाणी एकेक असणे कितीतरी उपयोगी पडते.

आडोशाने सगळे हल्ले थांबत नाहीत, पण शिकारी पक्ष्याचा हिशेब बदलतो, आणि त्याचे सारे जगणे या हिशेबावर चालते. त्याच्या बहुतेक झेपा वाया जातात. प्रत्येक झेपेला शक्ती लागते, आणि एक पंख जायबंदी झाला तरी उपासमार ठरलेली असते. त्यामुळे जिथे सावज सहज मिळेल तिथे तो पुन्हा पुन्हा येतो आणि जिथे पदरी काही पडत नाही ती जागा सोडून देतो. त्याला इजा न करता दूर ठेवण्याच्या सगळ्या उपायांचे मर्म यातच आहे: इथे शिकार करणे परवडत नाही, हे त्याला त्याच्या स्वतःच्या अनुभवातून कळले पाहिजे.

हल्ला करणारा पक्षी कोणता, यावरही बरेच अवलंबून असते. घार उंचावर घिरट्या घालते, एकाएकी खाली येते आणि उघड्यावरचे पिल्लू पंजात धरून न थांबता निघून जाते. शिक्रा तसे करत नाही. तो झाडाच्या पानांत गुपचूप बसून राहतो आणि कुंपणाच्या उंचीने, जमिनीला जवळजवळ घासत, बाजूने येतो. पाऊण किलोच्या आसपास वजनाची घार किंवा त्याहूनही पुष्कळ हलका शिक्रा दीड-दोन किलोच्या पूर्ण वाढलेल्या कोंबडीला उचलून नेऊ शकत नाही. त्यांच्यापासून खरा धोका आहे तो पिल्लांना आणि फार तर तलंगांना, म्हणजे अर्धवट वाढलेल्या कोंबड्यांना. गॉसहॉक या शिक्र्याच्या मोठ्या भाऊबंदाची मादी किंवा मोठे शिंगाळे घुबड यांची गोष्ट वेगळी. ते मोठ्या कोंबडीलाही मारतात आणि उचलणे जमले नाही तर जागेवरच खातात. शिकारी पक्ष्यांत मादी नराहून मोठी असते, त्यामुळे एकाच जातीच्या दोन पक्ष्यांपासूनचा धोकाही सारखा नसतो.

आणि मुळात हल्ला पक्ष्यानेच केला होता का, हे पाहिल्याशिवाय कोणताही उपाय करू नये. मेलेल्या कोंबडीपाशी घार बसलेली दिसली म्हणजे तिनेच मारले असे होत नाही. घारीला मेलेले खाण्याचे वावडे नाही. खुणा पिसांत असतात. शिकारी पक्षी खाण्याआधी सावज सोलतो, त्यामुळे एकाच जागी पिसांचा गोलाकार सडा पडलेला दिसतो, आणि त्यातले एखादे मोठे पीस उचलून पाहिले तर त्याचा दांडा मुळापासून अखंड उपटलेला असतो. कधी कधी त्यावर चोचीने दाबल्याची बारीक खूणही सापडते. मुंगूस, कोल्हा, मांजर यांच्या दातांखाली दांडे तुटतात, चावले जातात, लाळेने पिसे एकमेकांना चिकटतात आणि पिसांची रांग कुंपणातल्या एखाद्या भोकाकडे गेलेली असते. हल्ला रात्री झाला आणि केवळ डोके किंवा मान गेली असेल तर घुबडाचा संशय घ्यायला हरकत नाही, पण जाळीतून हात घालून ओढणारे सस्तन प्राणीही असेच करतात. कोंबडी काहीही मागे न ठेवता नाहीशी झाली असेल तर आकाशापेक्षा कुंपणाचा तळ आधी तपासावा. मुंगसाच्या चोरीसाठी वर जाळी ताणून काय उपयोग?

ही शहानिशा न करता पक्ष्यांना दोषी ठरवण्याची किंमत किती मोठी असते, याचा एक लेखी हिशेब उपलब्ध आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने १८८५ साली एक कायदा करून ससाणे, घुबडे आणि काही छोटे मांसाहारी प्राणी मारणाऱ्यांना दर डोक्यामागे ५० सेंट बक्षीस जाहीर केले. कारण अर्थातच कोंबड्यांचे नुकसान हे होते. सी. हार्ट मेरियम या प्राणिशास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी त्याचा ताळेबंद मांडला: दीड वर्षात राज्याने बक्षिसांवर सुमारे ९० हजार डॉलर खर्च केले, त्यातून वाचलेल्या कोंबड्यांचे मोल त्याच्या अंदाजाने १,८७५ डॉलर होते, आणि मारल्या गेलेल्या पक्षी-प्राण्यांनी जे उंदीर-घुशी खाल्ले असते त्यांनी केलेले शेतीचे नुकसान ३८ लाख डॉलरांच्या वर जात होते. आकडे अंदाजाचे असले तरी त्यांतली तफावत एवढी प्रचंड होती की तो कायदा १८८७ मध्ये रद्द झाला. तरीही बंदुका थांबल्या नाहीत. त्याच राज्याने १९२९ मध्ये गॉसहॉकवर पाच डॉलरांचे बक्षीस लावले, आणि स्थलांतर करणारे ससाणे एका डोंगरकड्यावरून शेकड्यांनी मारले जात असल्याचे पाहून रोझली एज या बाईंनी १९३४ मध्ये तो डोंगरच भाड्याने घेतला आणि तिथे रखवालदार बसवला. हॉक माउंटन नावाने ते अभयारण्य आजही आहे. मला या बाईंविषयी फार आदर वाटतो. आज भारतासह बहुतेक देशांत शिकारी पक्ष्यांना कायद्याचे संरक्षण आहे आणि त्यांना मारणे, पकडणे किंवा त्यांचे घरटे उद्ध्वस्त करणे हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मेरियमचा ताळेबंद पुरेसा होता.

आता जाळीविषयी, कारण शंभर टक्के खात्रीचा उपाय म्हणाल तर तो एकच आहे: कोंबड्यांच्या फिरण्याच्या जागेवर छत. पूर्ण परसावर जाळी टाकणे सगळ्यांना शक्य नसते, पण खुराड्याला लागून फिरण्यासाठी एक बंदिस्त जागा ठेवणे बहुतेकांना जमते. पाच सेंटीमीटरांच्या चौकटीची जाळी मोठ्या पक्ष्यांना अडवते. शिक्र्यासारख्या सडपातळ पक्ष्यासाठी आणि पिल्लांच्या पिंजऱ्यासाठी चौकट अडीच सेंटीमीटरांची किंवा त्याहून लहान हवी. जाळी माणूस ताठ उभा राहून चालू शकेल एवढ्या उंचीवर असावी. आपल्या सोयीचा भाग सोडला तरी ठेंगण्या, लोंबत्या जाळीवर पक्षी उतरला तर त्याच्या नख्या खालच्या कोंबडीपर्यंत पोहोचू शकतात. बाजूही बंद हव्यात. शिक्रा बाजूने येतो हे वर सांगितलेच; वर झाकलेले आणि कडेने उघडे असे आवार त्याच्यासाठी झाकलेले नसतेच. छत आणि भिंत जिथे मिळतात ती रेघ बोट फिरवून तपासावी, कारण फटी नेहमी तिथेच राहतात.

जाळी कोणत्या धाग्याची, हा प्रश्न माझ्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मासेमारीसारख्या बारीक, पारदर्शक नायलॉनची सैल जाळी स्वस्त पडते, पण ती पक्ष्याला दिसत नाही. घुबड, ससाणा, बुलबुल, वटवाघूळ, साप, कोणीही तिच्यात अडकतो आणि सुटण्याच्या धडपडीत धागा पंखात किंवा खवल्यांत रुतत जातो. पक्ष्याला न मारता दूर ठेवायचे म्हणून लावलेली जाळी अशा तऱ्हेने त्याचा सापळा होते. जाड, विणलेल्या, ठळक दिसणाऱ्या दोऱ्याची जाळी घ्यावी, ती चारही बाजूंनी ताणून बांधावी, मधे खांबांचा आधार द्यावा आणि वादळी वारा किंवा मोठा पाऊस झाल्यावर साचलेली पाने झटकून ती पुन्हा ताणावी. जाळीला बोटाने टिचकी मारली तर ती ताडकन परत यायला हवी. झोळ पडली असेल तर ती जाळी धोकादायक झाली असे समजावे. रात्रीच्या खुराड्याला मात्र दोऱ्याची जाळी चालत नाही. तिथे सव्वा सेंटीमीटरांच्या चौकटीची वेल्डेड तारेची जाळी आणि पक्की भिंत लागते, आणि कोंबड्यांच्या बसण्याची दांडी जाळीपासून हातभर लांब हवी, म्हणजे बाहेरून कोणी पंजा घातला तरी तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

छत शक्य नसेल तिथे परसावरून आडव्या-उभ्या जाड दोऱ्या ताणून त्यांना कापडाच्या पट्ट्या बांधतात. सरळ खाली झेपावणाऱ्या मोठ्या पक्ष्याला त्यामुळे बिचकायला होते, कारण पंख आपटण्याची भीती असते. बाजूने येणाऱ्याला त्याचे काहीच वाटत नाही.

घाबरवण्याच्या साधनांवर मी फार विसंबत नाही. चकाकत्या पट्ट्या, जुन्या सीडी, प्लास्टिकचे घुबड, बुजगावणे ही सगळी काही दिवस काम करतात आणि मग परिसराचा भाग होऊन जातात. १९३० च्या दशकात कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गेन यांनी कोंबडीवर्गीय आणि इतर पक्ष्यांच्या डोक्यावरून एक पुठ्ठ्याची आकृती सरकवून पाहिली होती; ती एका दिशेने नेली की आखूड मानेचा ससाणा वाटे आणि उलट दिशेने नेली की लांब मानेचा हंस. ससाण्याच्या आकाराची भीती उपजत असते असा अर्थ त्या वेळी काढला गेला. पुढे १९६१ मध्ये वोल्फगांग श्लाइट यांनी टर्की पक्ष्यांवर प्रयोग करून दाखवले की जी आकृती वारंवार दिसते तिची भीती मरते आणि जी क्वचित दिसते तिची टिकते, मग ती कोणत्याही आकाराची असो. सवयीने भय मरणे हा नियम शिकार करणाऱ्यालाही लागू आहे. बुजगावणे लावायचेच असेल तर दर दोन-तीन दिवसांनी त्याची जागा बदलावी, कपडे बदलावेत, आणि हल्ल्याचा धोका नसेल त्या काळात ते काढून ठेवावे. स्फोटाचे आवाज करणाऱ्या यंत्रांचे नावही काढू नये. शिकारी पक्षी त्याला सरावतो आणि कोंबड्या मात्र अंडी देईनाशा होतात.

याहून कितीतरी भरवशाचा पहारेकरी म्हणजे कोंबडा. कोंबड्यांच्या भाषेत आकाशातल्या धोक्याचा आणि जमिनीवरच्या धोक्याचा इशारा वेगळा असतो. कुत्रे किंवा मुंगूस दिसले तर तुटक, खडबडीत कलकलाट होतो आणि सगळ्या कोंबड्या माना ताठ करून इकडेतिकडे पाहू लागतात. ससाणा दिसला तर एक बारीक, लांबट, चिरका स्वर निघतो आणि त्याच क्षणी सगळ्या जणी आडोशाला धावतात किंवा जागीच जमिनीला चिकटून बसतात. पीटर मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८६ मध्ये असेही आढळले की कोंबडा एकटा असताना हा इशारा क्वचितच देतो, पण ऐकायला कोंबडी जवळ असली की हमखास देतो. हा स्वर एकदा कानात बसला की घरात बसूनही ओळखू येतो. तो ऐकून माणूस बाहेर आला तर बहुतेक पक्षी लगेच निघून जातात. ज्यांना कोंबडा ठेवता येत नाही त्यांच्या कळपात एखादी वडीलधारी कोंबडी हे काम थोडेफार अंगावर घेते. गिनी फाउल कोणत्याही हालचालीवर आरडाओरडा करतात, त्यामुळे खरा इशारा आणि उगाचचा गोंगाट यांतला फरक ओळखायला वेळ लागतो. कोंबड्यांमध्ये लहानपणापासून वाढलेले शांत कुत्रे असेल तर त्याच्यासारखे काही नाही. न शिकवलेले कुत्रे मात्र स्वतःच संकट ठरते. कावळे आणि कोतवाल यांना परसाच्या आसपास सुखाने राहू द्यावे. ते घारीला आणि शिक्र्याला पाठलाग करून हुसकतात, आणि कोतवालाच्या घरट्याजवळ इतर छोटे पक्षी घरटी बांधतात ते याच भरवशावर. कावळा अंडी आणि अगदी लहान पिल्ले पळवतो हे खरे, पण ती तशीही उघड्यावर नसावीत.

वेळेचा उपाय फुकटचा आहे. घुबडाच्या बाबतीत तो एकटाच पुरतो: दिवस मावळण्याआधी खुराड्याचे दार बंद आणि चांगले उजाडल्यावर उघडे, यात एकही दिवस खंड नको. दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात आणि घरट्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले स्वतः शिकार करायला शिकत असतात त्या काळात धोका वाढतो, म्हणून त्या आठवड्यांत कोंबड्यांना आपण बाहेर असतानाच मोकळे सोडावे. एखादा हल्ला यशस्वी झाला तर तो पक्षी परत येणार हे गृहीत धरावे, मेलेली कोंबडी लगेच खोल पुरावी आणि कळपाला आठवडा-दोन आठवडे बंदिस्त जागेतच ठेवावे. त्याला दोन-चार फेऱ्यांत काही मिळाले नाही की तो आपली वाट बदलतो.

खाद्य नेहमी छताखाली द्यावे आणि सांडलेले झाडून घ्यावे. उघड्यावरच्या दाण्यांवर चिमण्या, पारवे आणि उंदीर येतात आणि त्यांच्या मागोमाग शिक्रा आणि घुबड. कोंबड्यांवर त्यांची नजर पुष्कळदा अशी आडवळणाने पडते. उंदरांसाठी विष घालू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. ब्रोडिफॅकुमसारखी रक्त गोठू न देणारी विषे उंदराला लगेच मारत नाहीत. तो काही दिवस सुस्तपणे उघड्यावर फिरतो, गव्हाणी घुबड त्याला सहज पकडते, आणि तेच विष घुबडाच्या व त्याच्या पिल्लांच्या अंगात साठत जाते. एका हंगामात शेकडो उंदीर फस्त करणारे कुटुंब त्यातून संपते आणि उंदीर मात्र पुन्हा वाढतात. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा आणि साधा पिंजरा यांनी हे काम होते.

शेवटी एक प्रसंग उरतो, ज्याची तयारी आधीच ठेवलेली बरी: शिकारी पक्षी आत शिरतो आणि त्याला बाहेर पडता येत नाही. तो जाळीवर आपटत असतो, कोंबड्या कोपऱ्यात दाटलेल्या असतात आणि हातात काठी घ्यावीशी वाटते. अशा वेळी आधी कोंबड्यांना खुराड्यात घालून मधले दार लावावे, मग बाहेरचे सर्वांत मोठे दार सताड उघडे टाकून सगळ्यांनी त्याच्या नजरेआड व्हावे. घाबरलेला पक्षी वरच्या उजेडाकडे धडका मारत राहतो, म्हणून शक्य असेल तर उघड्या दाराच्या विरुद्ध बाजूला चादर टाकून अंधार करावा. मग त्याला दाराचा उजेड सापडतो. तो जखमी असेल किंवा जाळीत गुंतला असेल तर डोक्यावर जाड टॉवेल टाकावा. अंधार झाला की तो शांत होतो. धागा ओढून सोडवू नये, पक्ष्याभोवतीची जाळी कात्रीने कापावी, आणि हात लावण्याआधी जाड हातमोजे घालून त्याच्या पायांवर लक्ष ठेवावे, कारण त्याचे हत्यार चोच नसून नख्या असतात. त्याला खाऊपिऊ घालू नये. हवेशीर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधाऱ्या जागी ठेवून वन विभागाला किंवा वन्यजीव वाचवणाऱ्या प्रशिक्षित माणसाला बोलवावे. तो क्रमांक खुराड्याच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलेला असावा. पक्षी गेल्यावर तो कोणत्या फटीतून आत आला ते शोधावे, आणि ती त्याच दिवशी, उजेड असेपर्यंत, बुजवावी.